कलम एकशे दोन आणि मागची खोली

अंजलीला सायखेड्यात दुसरा मुलगा झाला, ते साल दोन हजार चोवीस. अंजली म्हणजे सुमनबाई पगारे यांची नात. तिच्या सासूचा पाय ऐन वेळी गोठ्यात घसरून मोडला. त्यामुळे बाळंतीण, बाळ, थोरलं पोर आणि मोडका पाय एवढं सगळं सांभाळायला सुमनबाई पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आटोपून नाशिकहून गेल्या, त्या ऑक्टोबर सरता सरता परत आल्या. बाळाचं नाव समर्थ ठेवलं, सासूचा पाय जुळला, आणि सुमनबाईंच्या तक्षशिला कॉलनीत तेवढ्या वेळात एक भानगड शिजून तयार झाली.

ती त्यांना भागुबाईनं सांगितली. भागुबाई गांगुर्डे शेजारच्या घरात राहायची. सुमनबाई पिशवी खाली ठेवतात न ठेवतात तोच ती दारात उभी.

"सुमे, आपली खोली चालली."

"कुठं चालली?"

"जिमला. लोखंड येनार हाय म्हणे तिथं. सनीनं आनलंय ते खूळ. येत्या रविवारी समितीत ठराव हाय."

ही खोली विहाराच्या मागे होती. दहा बाय बाराची, वर पत्रा, एक खिडकी, भिंतीवर काळा रंग फासून केलेला फळा. नऊ वर्षांपूर्वी निकिता नावाच्या कॉलेजातल्या मुलीनं तिथं सुमनबाईंना अक्षरं शिकवली, तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. निकिता लग्न होऊन गेली. तिचा खडू सुमनबाईंनी उचलला. आता तिथं रोज दुपारी पाच बाया बसायच्या. भागुबाई त्यांतली सगळ्यात थोराड आणि सगळ्यात चुकार. चार वर्षं झाली तरी तिनं अजून कुणासमोर पाटीवर काही लिहिलं नव्हतं. हात थरथरतो म्हणायची.

"समितीत आपल्या बाजूनं कोण हाय?" सुमनबाईंनी विचारलं.

"तू."

"आनखी?"

"तूच."

समितीत पाच जण होते. अध्यक्ष यादवराव, कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. भागुबाईचा नवरा लहानू. अंबडच्या कारखान्यात कामाला जाणारा सनी, वय तीस, दंड मांडीएवढे. सुमनबाईंचे यजमान मल्हारी. आणि सुमनबाई.

"आमचे हे तरी आपल्याकडून असतील की."

"मल्हारीभाऊजी?" भागुबाई म्हणाली. "सनीनं त्यांना सांगितलंय, जिमच्या कोपऱ्यात कॅरम ठेवतो. त्यांनी शब्द बी देऊन टाकलाय."

सुमनबाईंनी आत पाहिलं. मल्हारी एकाएकी माठातलं पाणी बदलायला लागले होते.

तक्षशिला कॉलनीची एक रीत होती. दर रविवारी सकाळी विहारात त्रिसरण-पंचशील झालं की संविधानातलं एक कलम वाचायचं. एका रविवारी एकच. दोन वर्षांपूर्वी संविधान दिनाला सुरुवात केली होती. गाडी आता शंभराच्या पुढे गेली होती. वाचायचं काम सुमनबाईंचं. त्या ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचायच्या, आणि कळलं नाही की थांबून "म्हणजे काय?" असं विचारायच्या. शिकलेली माणसं असं विचारत नाहीत, त्यांना लाज वाटते. सुमनबाईंना अक्षरंच इतक्या उशिरा भेटली होती की लाजायला वेळ उरला नव्हता.

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. बाहेर रिक्षांवर आमदारकीच्या निवडणुकीचे भोंगे फिरत होते, आणि विहारात एकशे दोनावं कलम आलं होतं. संसदेचा सदस्य कोणकोणत्या कारणांनी अपात्र होतो, ते त्यात सांगितलेलं. वाचन झालं की लगेच समितीची बैठक, आणि बैठकीत खोलीचा ठराव.

सुमनबाईंनी वाचायला घेतलं. पहिलंच कारण लाभपदाचं होतं.

"लाभपद म्हणजे काय हो, यादवराव?"

यादवरावांना समजावून सांगायला फार आवडे. ते खुर्चीत पुढे सरकले. "असं बघा, सुमनबाई. खासदारानं सरकारवर लक्ष ठेवायचं असतं. तोच जर सरकारच्या एखाद्या पदावर बसून फायदे घ्यायला लागला, तर लक्ष कोण ठेवणार? म्हणून त्याला काढायचं. सोपं आहे."

"फायदा म्हंजे पगारच पायजे?"

"पगार, भत्ता, गाडी, बंगला. काहीही."

सुमनबाईंनी मान हलवली. त्यांच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं. पण त्या बसल्या होत्या तिथून विहाराचा ओटा समोरच दिसत होता. ओट्यावर छपराखाली यादवरावांची स्कूटर उभी होती. यादवरावांकडे विहाराची किल्ली होती, म्हणून त्यांची स्कूटर ओट्यावर. बाकी सगळ्यांच्या गाड्या उन्हात.

"मग ही स्कूटर?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी मागे वळून स्कूटर पाहिली, जशी काही ती आत्ताच येऊन उभी राहिली होती.

"अहो, मी काय खासदार आहे?" यादवराव हसले. "हे कलम संसदेचं आहे."

"पन नियम सातवा?" सुमनबाई म्हणाल्या.

यादवरावांचं हसू गेलं.

त्याचं असं होतं. समितीची नियमावली बेचाळीस वर्षांपूर्वी चिमाजीबाबांनी लिहिली. चिमाजीबाबा म्हणजे कॉलनीचे संस्थापक. आता ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. कारखान्यात फिटर होते ते. यंत्राच्या आवाजानं त्यांचे कान पार गेलेले. त्यांच्या दाराला एक पाटी टांगलेली असायची. काही सांगायचं तर तिच्यावर लिहायचं. तर या चिमाजीबाबांनी सहा नियम लिहिले आणि सातव्याला त्यांना कंटाळा आला. सातवा नियम असा होता: 'जे इथे नाही ते संविधानात पाहावे. तिथे संसद म्हटले आहे तिथे समिती समजावे. राष्ट्रपती म्हणजे मी.' विहाराच्या भिंतीवर ही नियमावली काचेत लावलेली होती. रोज तिला हार पडायचा. वाचली कुणीच नव्हती. सुमनबाईंनी वाचली होती, कारण अक्षरं आल्यावर पहिले सहा महिने त्यांनी दिसेल ते वाचलं होतं, औषधाच्या बाटल्यांसकट.

सनीला भलतीच मजा वाटली. "अरे, सही है! म्हणजे यादवकाका बाद?"

"पुढचं वाचा," यादवराव चिडून म्हणाले. "सगळंच वाचा की मग."

पुढचं कारण विकल मनाचं होतं. म्हणजे कोर्टानं माणूस वेडा ठरवला तर. हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मागच्या रांगेतून हशा आला, आणि सगळ्यांच्या नजरा लहानूकडे गेल्या. लहानूला भागुबाई रोज सकाळी सात वाजता, नळ आला की, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात 'येडं हाय ते' म्हणायची. एक्केचाळीस वर्षं म्हणत होती.

"मी आपला गप बसलोय," लहानू म्हणाला. त्याच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, त्यामुळे त्याचा राग ऐकणाऱ्याला नेहमी लाडिक वाटायचा. "मला कशाला मधी आनता?"

"भागूमावशीनं डिक्लेअर केलंय ना तुला रोज," सनी म्हणाला. "मॅटर क्लोज."

मग नादारीचं, म्हणजे दिवाळं निघाल्याचं कारण आलं. तिथं यादवराव घाईनं म्हणाले, "हे सोडा. हे लावलं तर कॉलनीत कुणीच उरायचं नाही." ते सगळ्यांना पटलं. त्याच्या पुढचं कारण होतं परक्या देशाशी निष्ठा.

"म्हणजे काय?" सुमनबाईंनी विचारलं.

"म्हणजे राहायचं इथं आणि जयजयकार करायचा दुसरीकडचा," असं म्हणून यादवरावांनी सावकाश सनीकडे बोट केलं. "जयंतीला नाल्यापलीकडच्या मंडळाच्या मिरवणुकीत ढोल कोण वाजवत होतं? आणि आत्ता अंगात कुठला टी-शर्ट आहे?"

सनीनं स्वतःच्या छातीकडे पाहिलं. छातीवर नाल्यापलीकडच्या मंडळाचं नाव ठळक लिहिलेलं होतं.

"काका, हा फ्री मिळाला होता!"

"निष्ठा फुकटच विकली म्हणायची," मागून भागुबाई म्हणाली.

शेवटी पक्षांतर आलं. पक्षाचा आदेश मोडून उलटं मत दिलं की सदस्यत्व जातं, असं यादवरावांनी सांगितलं. सुमनबाईंनी फक्त चष्मा काढला आणि मल्हारींकडे पाहिलं.

"मी कुठं अजून मत दिलंय?" मल्हारी म्हणाले.

"शब्द तर दिलाय ना? मला न इचारता."

"आपला काय पक्ष हाय का, सुमन?"

"सत्तेचाळीस वर्षं झाली," सुमनबाई म्हणाल्या, "अन तुम्ही आज इचारताय."

असे चार जण गेले. उरल्या एकट्या सुमनबाई. त्या चौघांपेक्षा त्याच जास्त चकित झाल्या होत्या. पण कारकुनी केलेला माणूस फायली पालथ्या घातल्याशिवाय हार मानत नाही. यादवरावांनी मागचं पान उघडलं.

"गेल्या रविवारी एकशे एकावं वाचलं होतं आम्ही. तेव्हा तुम्ही नव्हतात."

"सायखेड्याला व्हते."

"तेच ना. त्यात लिहिलंय, जो सदस्य परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहील, त्याची जागा रिकामी करता येते. तुम्ही किती दिवस नव्हतात?"

"पंचाहत्तर."

"परवानगी?"

परवानगी सुमनबाईंनी घेतलीच नव्हती. गैरहजर राहिल्यामुळे त्या नेमकं गैरहजेरीचंच कलम ऐकायला चुकल्या होत्या. विहारात पहिल्यांदाच असं झालं की समितीची बैठक होती आणि समितीच नव्हती. ठराव पुढच्या रविवारवर गेला.

आठवडाभर कॉलनीत दुसरा विषय नव्हता. रिक्षावरचे उमेदवार हात जोडत गल्लीतून गेले, त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही. सुमनबाई मात्र सोमवारी दुपारी विहारातून जाडजूड पुस्तक घरी घेऊन आल्या आणि एकशे एकावं कलम बोट ठेवून पहिल्या अक्षरापासून वाचायला बसल्या. यादवराव जिथं थांबले होते तिथं त्यांचं बोट थांबलं नाही. खाली 'परंतु'नं सुरू होणारं एक परंतुक होतं. शिकलेली माणसं परंतुक वाचत नाहीत, त्यांना वाटतं झालं आता. सुमनबाईंना कुठं संपतं ते कधीच आधी कळत नसे, म्हणून त्या शेवटपर्यंत वाचायच्या.

"अहो," त्यांनी हाक मारली. "सभागृह चार दिसांपेक्षा जास्त बंद असलं, तर ते दिवस मोजायचे नाहीत असं हाय. आपली बैठक महिन्यातनं एकदा. मधले सगळे दिवस बंदच. मी पंचाहत्तर दिसांत बैठका चुकवल्या दोन. म्हंजे मी गैरहजर दोनच दिवस."

मल्हारींनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे साठ दिवस भरायला..."

"पाच वर्षं सायखेड्यात काढावी लागतील मला."

"मग आता समितीत तू एकटीच?"

"एकटीच."

"मग ठराव?"

"एक विरुद्ध शून्य."

मल्हारींनी त्यांना चहा करून दिला. लग्नानंतरचा बहुधा दुसरा.

सुमनबाईंनी तिथंच पुस्तक मिटवलं असतं तर खोली वाचली असती आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण पुढच्या रविवारी एकशे तिसरं वाचायचं होतं, म्हणून त्यांनी तेही पाहून ठेवलं, आणि त्यांचा चहा गार झाला. अपात्रतेचा निकाल कुणी वाटेल त्यानं द्यायचा नव्हता. तो राष्ट्रपतींनी द्यायचा. आणि त्यांनीही आपल्या मनानं नाही, आधी निवडणूक आयोगाचं मत घ्यायचं आणि आयोग म्हणेल तसंच करायचं.

राष्ट्रपती म्हणजे चिमाजीबाबा. आणि आयोग? नियम चौथा: समितीचं मतदान धान्यानं घ्यावं. मतदाराच्या मुठीत ज्वारीचा एक आणि हरभऱ्याचा एक दाणा द्यावा. होकाराला ज्वारी, नकाराला हरभरा. एक मडक्यात टाकावा आणि उरलेला जागेवरच खाऊन टाकावा, म्हणजे पुरावा राहत नाही. आणि मडक्यावर बसायला चिमाजीबाबांनी तेव्हाच एक माणूस नेमून ठेवलं होतं. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो कुणाच्या कागदी भानगडीत सापडत नाही, म्हणून त्यांनी नेमलं होतं नुकत्याच लग्न होऊन आलेल्या भागुबाईला.

सुमनबाईंना हायसं वाटलं. आयोग तर आपल्याच वर्गात बसतो.

रविवारी कलम वाचून झाल्यावर अख्खा विहार चिमाजीबाबांच्या दारी गेला. बाबा बाजेवर बसले होते. सुमनबाईंनी पाटीवर सगळं प्रकरण लिहून दाखवलं. त्याला पाच पाट्या लागल्या. बाबांनी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली, कारण त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नसे.

"लय चांगलं!" ते ओरडले. "बेचाळीस वर्षांत कुनीतरी सातवा नियम वाचला! आयोग कुठं हाय?"

भागुबाईला पुढे ढकललं. ती बाबांच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलली.

"ऐकू येत नाय! लिही!"

भागुबाईनं सुमनबाईंकडे पाहिलं. सुमनबाईंनी तिच्याकडे. मल्हारींचं प्रकरण तेवढं राष्ट्रपतींकडे जात नव्हतं. पक्षांतराचा निकाल घरच्या घरी, सभागृहाच्या अध्यक्षानं द्यायचा होता, आणि पगारेंच्या घरात अध्यक्ष कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाकी तिघांचा निकाल आता त्या पाटीवर होता. नुसतं 'तिघं नकोत' लिहिलं तरी खोली वाचणार होती.

भागुबाई खाली बसली. पाटी मांडीवर घेतली. हात थरथरत होता, पण चालत होता. पेन्सिलीचा किरकिर आवाज तेवढा येत होता. बराच वेळ गेला. सनी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"मावशी," तो एकदम म्हणाला, "माझं नाव लिहिलंस?" आणि त्यानं खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला.

बाबांनी पाटी हातात घेतली आणि गल्लीभर ऐकू जाईल असं वाचलं:

"यादव राहू दे. सनी आपलाच हाय. लहानू येडा नाय."

मग सुमनबाई भागुबाईच्या कानाशी वाकल्या. "अगं, हे काय केलंस? खोली गेली ना आता!"

"तूच वाचून दाखवलंस ना मागल्या रविवारी," भागुबाई म्हणाली. "कोर्टानं येडा म्हनला पायजे. मी काय कोर्ट हाय? अन त्या सनीच्या कपड्यावर जे लिवलंय ते त्याच्या पोटात नाय. स्कूटर काढाय सांग यादवभाऊजींना, माणूस कशाला काढते?"

सुमनबाईंनीच शिकवलेल्या बाईनं त्यांच्याहून बरं वाचलं होतं.

लहानू पाटीजवळ आला होता. त्यानं ती बाबांच्या हातून हळूच काढून घेतली. "ही मला पायजे," तो म्हणाला.

"अरे, मग मी बोलू कशानं?" बाबा ओरडले.

"दुसरी आनून देतो."

मतदान तिथंच घेतलं. मडकं आणलं, त्यावर फडकं टाकलं, आयोग शेजारी बसला. प्रश्न असा: मागची खोली वर्गाला राहावी का?

चिमाजीबाबांच्या नियमात एक खोट होती. ती बाबा सोडून अख्ख्या कॉलनीला माहीत होती. ज्वारीचा दाणा खाल्ला तर आवाज येत नाही, पण कोरडा हरभरा खाल्ला की कडाडतो. बेचाळीस वर्षांतली एकेक गुप्त मतदानं अशी कानानं मोजलेली होती, आणि बाबांना त्याचा पत्ता नव्हता.

सुमनबाई गेल्या. त्यांनी ज्वारी टाकली आणि हरभरा दाढेखाली फोडला. कडाम्.

यादवराव गेले. शांतता.

मल्हारी गेले. सुमनबाई कान देऊन उभ्या राहिल्या. शांतता.

लहानू गेला. त्याला दातच नव्हते. त्यानं काय गिळलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

शेवटी सनी गेला. त्यानं मडक्यात हात घातला, बाहेर काढला, तोंडाकडे नेला. कडाम्!

भागुबाईनं मडकं उलटं केलं. ज्वारीचे तीन दाणे, हरभऱ्याचे दोन.

"खोली राहिली!" बाबा ओरडले. "आता मला चहा कोन देतंय?"

घरी जाताना सुमनबाई म्हणाल्या, "तुमचा आवाज नाय आला."

"शब्द दिला व्हता सनीला," मल्हारी म्हणाले.

"अन त्या सनीनंच उलटं टाकलं."

"त्यानं टाकलं. माझा शब्द माझ्यापाशी." थोडं चालून ते म्हणाले, "आता निकाल काय, अध्यक्षबाई?"

सुमनबाईंनी त्यांना तंबी देऊन सोडलं. सोमवारी सनीनं खोलीत नवी ट्यूबलाइट लावली आणि तिच्याखाली एक कॅरम ठेवून गेला. यादवरावांची स्कूटर उन्हात आली.

ती पाटी लहानूनं घरात, नळाच्या वरच्या भिंतीवर टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नळ आला, भागुबाईनं तोंड उघडलं, तर लहानूनं नुसतं वर बोट केलं. तो रोज असंच करायचा. भागुबाईनं मग नवं काहीतरी बोलायला शोधलं, पण त्यात पूर्वीची मजा नव्हती.

लहानूची जागा समितीत अजून रिकामी जाहीर केलेली नाही. सुमनबाईंनी एकशे एक, एकशे दोन आणि एकशे तीन ही तिन्ही कलमं पुन्हा बोट ठेवून शेवटपर्यंत, परंतुकांसकट वाचली. सदस्य कशाकशानं जातो ते सगळं त्यांत लिहिलेलं आहे. मेल्यानं जातो, असं कुठेच लिहिलेलं नाही. लहानू गांगुर्डे तेवीस फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, रविवारी सकाळी, नळ यायच्या आधी वारले.